दुभाषी धोंडिराम येसुगडे

१९७४ च्या नोव्हेंबरात मी पलूसला गेलो तेव्हा धोंडिराम येसुगडे उसाच्या सरीत पायजमा खोवून पाण्यात उभे होते. हातात फावडं, डोक्याला टॉवेल, वय पन्नाशीच्या थोडं पुढं. गावच्या पाणी संस्थेत ते पाटकरी होते. कृष्णेतून उपसलेलं पाणी कुणाच्या रानात किती वेळ सोडायचं हे त्यांच्या हातात, त्यामुळं निम्मा गाव त्यांच्याशी गोड बोले आणि निम्मा अजिबात बोलत नसे.

मी बांधावरूनच सांगितलं, "साताऱ्याच्या कोर्टात नाझर आहे मी. तुमच्याकडं काम होतं."

त्यांनी आधी एका सरीचं तोंड बुजवलं, पाणी दुसरीत वळवलं आणि मग वर पाहिलं. "पाण्यावरनं कुणी फिर्याद केली व्हय?"

"फिर्याद नाही. सैनिक बोर्डाच्या रजिस्टरात तुमच्या नावापुढं लिहिलंय की तुम्हाला इटालियन बोलता येतं. खरं आहे का?"

ते फावड्याच्या दांड्यावर दोन्ही हात ठेवून उभे राहिले. तीस वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नसावा.

"येत हुतं," ते म्हणाले. "हितं कुणासंगं बोलणार?"

खरं तर समन्स बजावायला बेलिफ जातो, नाझर जात नाही. पण या कामाला समन्सचा छापील नमुनाच नव्हता, म्हणून मॅजिस्ट्रेट साहेबांनी मला स्वतः जायला सांगितलं होतं. बांधावर बसून मी येसुगड्यांना सगळी हकिकत सांगितली.

वाईला पाच वर्षांपासून एक गोरा माणूस राहत होता. नाव मार्तिनो. वाईकरांनी त्याचा मारुती केला होता. नदीपलीकडच्या आळीत सुलाबाई नावाच्या विधवा बाईंची पिठाची गिरणी होती. तिचं इंजिन बंद पडलं होतं ते याने दुरुस्त केलं, आणि तिथंच मागच्या खोलीत राहिला. आसपासच्या गावांतली ऑइल इंजिनं, पंप, रहाटाचे खांब, काहीही मोडलं की लोक मारुतीला बोलवत. त्याच्या व्हिसाची मुदत कधीच संपली होती. पोलिसांनी रीतसर चौकशीसाठी त्याचं नाव त्याच्या देशाच्या वकिलातीला कळवलं, आणि उलट कळलं की स्वित्झर्लंडच्या पोलिसांना तो हवा आहे. त्याच्यावर घरफोडीचा आणि आग लावून माणूस मारल्याचा आरोप होता.

"मग देऊन टाकायचा त्येंचा त्येंना," येसुगडे म्हणाले. "कोर्ट कशाला मधी?"

मलाही दोन महिन्यांपूर्वी असंच वाटत होतं. पण कायदा तसा नव्हता. दुसऱ्या देशानं माणूस मागितला म्हणून पोलिसांनी त्याला उचलून विमानात बसवायचा नसतो. मागणी दिल्लीला येते. दिल्लीचं सरकार एका मॅजिस्ट्रेटला चौकशीचा हुकूम देतं. त्या माणसानं गुन्हा केला की नाही हे तो मॅजिस्ट्रेट ठरवत नाही. मागणाऱ्यानं पाठवलेल्या पुराव्यात खटला चालवण्याइतकं तरी काही आहे का, आणि गुन्हा राजकीय तर नाही ना, एवढंच तो पाहतो. पुरावा नसेल तर माणूस सुटला. असेल तर तुरुंगात ठेवून दिल्लीला अहवाल, आणि द्यायचा की नाही हे शेवटी दिल्ली ठरवते. आमच्या कोर्टात असा हुकूम पहिल्यांदाच आला होता. साहेबांनी मुंबईहून पुस्तकं मागवली होती.

अडचण भाषेची होती. मार्तिनो स्वित्झर्लंडच्या ज्या डोंगराळ भागातला होता तिथं इटालियन बोलतात. त्याला गिरणीपुरतं मराठी येई आणि मोडकं इंग्रजी. वकिलातीनं आपला दुभाषी देऊ केला, पण आरोपीचे वकील आकाराम बनसोडे यांनी हरकत घेतली. "जो देश माणूस मागतोय, त्याचाच नोकर त्या माणसाचं म्हणणं आम्हाला समजावून सांगणार का?" साहेबांना ते पटलं. मुंबईला दुसरा कुणी लवकर मिळेना. तेव्हा कुणाला तरी सैनिक बोर्ड आठवलं, जिथं महायुद्धातून परतलेल्या शिपायांची नोंद असे.

येसुगडे ऐकत होते. म्हणाले, "साहेब, माझं इटालियन शाळेतलं न्हाई. शेतकऱ्याची बोली हाय ती. शेणामातीची."

"त्याला समजली म्हणजे झालं."

घरी त्यांच्या पत्नीनं, राहीबाईंनी, चहा केला. नवरा कोर्टात गोऱ्या माणसाची भाषा बोलायला जाणार हे ऐकून त्या एवढंच म्हणाल्या, "हितं बोलत न्हाईत दोन सबूद, आन् तितं जाऊन बोलणार."

दुसऱ्या दिवशी एस.टी.नं कराडला आणि तिथून साताऱ्याला येताना ते थोडं बोलले. १९४२ साली आफ्रिकेच्या वाळवंटात त्यांची पलटण वेढली गेली आणि ते इटालियनांच्या हाती सापडले. वर्षभर इटलीतल्या एका छावणीत कैदी. मग इटलीनं शरणागती पत्करली, पहारेकरी पळाले, आणि जर्मन यायच्या आत हेही कुंपण ओलांडून डोंगरात गेले. एका शेतकऱ्याच्या घरी तळघरात नऊ महिने काढले. घरात म्हातारा, त्याची सून आणि तिच्या दोन मुली. मुलगा रशियाच्या आघाडीवर गेलेला, परत न आलेला.

"गावात जर्मनांनी कागद लावला हुता," ते खिडकीतून बाहेर बघत म्हणाले. "जो कैदी धरून दील त्याला इनाम. जो लपवील त्याला गोळी. ती सून वाचून आली आन् मला म्हणाली, आज बटाटं उकडलंत."



मार्तिनोला मी त्या दिवशी त्यांच्याबरोबरच पाहिलं. सव्वासहा फूट उंच, दाढी वाढलेली, हाताला ग्रीसचे डाग जे तुरुंगातही गेले नव्हते. साहेब यायच्या आधी येसुगडे त्याच्याजवळ गेले आणि काहीतरी बोलले. तो आधी दचकला, मग हसायला लागला. हसता हसता त्याचे डोळे भरून आले. येसुगडे ओशाळून माझ्याकडं वळले. "माझं बोलणं शेळ्या राखणाऱ्या म्हाताऱ्यावाणी हाय म्हणतोय."

साहेबांनी येसुगड्यांना शपथ दिली. इथं जे बोललं जाईल त्याचं खरं भाषांतर करीन, पदरचं घालणार नाही, काही गाळणार नाही. येसुगड्यांनी प्रत्येक शब्दाआधी थांबत शपथ घेतली. पुढं मला कळलं की त्यांनी ती मनातल्या मनात इटालियनमध्येही घेऊन पाहिली होती, जमते का ते बघायला.

पहिल्या दिवशी बनसोडे वकिलांनी प्रयत्न केला तो गुन्हा राजकीय ठरवण्याचा. बनसोडे तिशीतले, सातारा रोडच्या बाजूच्या बौद्ध वस्तीतून शिकून वर आलेले, कायद्याचं पुस्तक उशाशी घेऊन झोपणारे. ही केस त्यांनी फुकट घेतली होती. दगडाच्या कारखान्यातले तीन कामगार मालकाच्या गोदामात शिरले, हा कामगारांचा लढाच नव्हता का, असं त्यांनी सुचवलं. साहेबांनी आरोपीला विचारलं. मार्तिनो बोलला. येसुगडे म्हणाले,

"तो म्हणतोय, राजकारण न्हवतं. दगड कापायची पाती चोरायची हुती. ती महाग असत्यात."

बनसोड्यांनी हातातली पेन्सिल टेबलावर ठेवली. सरकारी वकील मुंबईहून आले होते, ते हसले. मार्तिनोला कुणी का हसतंय ते कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी मुख्य कागद आला. चोरीतल्या दुसऱ्या एका साथीदारानं, कार्लोनं, तिकडच्या पोलिसांना दिलेला जबाब होता तो. मूळ इटालियन, बरोबर इंग्रजी भाषांतर. इंग्रजीत एक वाक्य असं होतं की मार्तिनोनं उजेड केला, आणि त्यापुढं गोदाम जळाल्याचं वर्णन. सरकारी वकिलांचं म्हणणं, उजेड केला म्हणजे आग लावली. वरच्या मजल्यावर झोपलेला म्हातारा राखणदार त्या आगीत मेला होता. तेव्हा दोन्ही गुन्ह्यांसाठी आरोपी दिला पाहिजे.

साहेब म्हणाले, "आरोपीनं मूळ जबाब स्वतः मोठ्यानं वाचावा. दुभाष्यानं एकेक वाक्य मराठीत सांगावं."

येसुगड्यांना इटालियन वाचता येत नव्हतं, फक्त ऐकता येत होतं. मार्तिनो सावकाश वाचू लागला. येसुगडे डोळे मिटून ऐकत आणि मग सांगत.

"आमी तिघं मागल्या दारानं आत गेलो. ऊगोनं आन् मी पात्यांचं बोल्ट सोडवलं."

मार्तिनोनं पुढचं वाक्य वाचलं. त्यात दोन शब्द मला अजून आठवतात, कारण पुढं ते फार वेळा उच्चारले गेले. फाचेवा लूचे.

"मार्तिनो उजेड दावत हुता," येसुगडे म्हणाले.

सरकारी वकील उठले. "उजेड केला, असं भाषांतर आहे. दाखवत होता नव्हे."

"न्हाई साहेब. दुसऱ्याला काम करता यावं म्हणून हातात कंदील धरून उभं राह्याचं, त्याला तसं म्हणत्यात. आग लावायला येगळा सबूद हाय."

"तुम्ही भाषातज्ज्ञ आहात का?"

"न्हाई."

"शिक्षण?"

"तिसरी."

"मग हे तुम्हाला कसं माहीत?"

येसुगड्यांनी साहेबांकडं पाहिलं. साहेबांनी मान हलवली. तेव्हा ते म्हणाले, "मी नऊ म्हयनं तळघरात राहिलो, साहेब. घरातली बाई पीठ काढायला खाली यायची. तिच्या दोनी हातांत भांडी असायची. ती मला म्हणायची, फाम्मे लूचे. मंजी, मला उजेड दाव. मग मी दिवा धरायचो. रोज धरायचो. तिनं मला घर पेटवाय सांगितलं नसणार."

कोर्टात कुणीतरी हसलं. साहेबांनी वर पाहताच शांत झालं.

सरकारी वकील मात्र मुरलेले होते, त्यांनी नेमकं बोट ठेवलं. "म्हणजे इटालियन बोलणाऱ्या लोकांनी तुमचा जीव वाचवला. या आरोपीबद्दल तुम्हाला आपुलकी वाटत असेल."

"व्हय," येसुगडे म्हणाले. "वाटती."

बनसोड्यांनी मान खाली घातली.

"वाटती, पण सबूद माझा न्हाई. त्यो कागदात हाय. तुमी दुसऱ्या कुणालाबी इचारा."

साहेबांनी तेच केलं. मुंबईच्या एका कॉलेजात इटालियन शिकवणाऱ्या बाई होत्या, त्यांच्याकडं ते पान पाठवलं आणि तीन आठवड्यांची तारीख दिली. बाईंचं उत्तर दहा दिवसांत आलं. दुभाष्यानं सांगितलेला अर्थच खरा, असं त्यांनी स्वच्छ लिहिलं होतं, आणि खाली आपणहून एक ओळ जोडली होती की हा दुभाषी कोण आहे हे कळल्यास आनंद होईल. साहेबांनी ते पत्र नस्तीत लावायला दिलं तेव्हा मी ती ओळ दोनदा वाचली.

तिसऱ्या तारखेला सकाळी लवकरच येसुगडे आले. पोलिसांनी मार्तिनोला कोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर बसवलं होतं. सुलाबाईही वाईहून आल्या होत्या. त्या प्रत्येक तारखेला येत, फडक्यात भाकरी बांधून आणत आणि पोलिसांना विचारून त्याला देत. पोलिसही नाही म्हणत नसत, कारण त्या त्यांनाही देत.

मी आत टेबलाशी होतो. खिडकीतून दिसलं की मार्तिनो येसुगड्यांशी हलक्या आवाजात बोलतोय, बराच वेळ. येसुगडे ऐकत होते. मग ते उठून व्हरांड्याच्या टोकाला गेले आणि तिथंच उभे राहिले. मी बाहेर आलो.

"नाझरसाहेब, एक इचारू? कोर्टाभाईर जे बोलणं हुतं, ते शपतीत येतं का?"

"नाही. शपथ कोर्टातल्या बोलण्याची."

"मग भाईरचं मी कुणाला सांगाय पायजे असं न्हाई."

"नाही. पण झालं काय?"

त्यांनी सांगितलं नाही. ते चुन्याच्या भिंतीला टेकून उभे राहिले. मग म्हणाले, "मला त्या घरातनं धरून दिलं असतं तर मी मेलो असतो. त्येंनी दिलं न्हाई. आन् आता हितं मी ह्याला द्यायच्या कामात मदत करतोय. रोज घरी जाऊन हेच डोक्यात येतंय. ह्यात फरक काय हाय ते हुडकतोय."

मी म्हटलं, "तेव्हा लढाई होती."

"ती हाय. पण तेवढंच न्हाई." ते माझ्याकडं वळले. "मला मागणारा बंदूक घिऊन दारात उभा हुता. माझ्या नावाचा कागद त्याच्याजवळ न्हवता, आन् असता तरी त्यात गुन्हा काय लिवला असता? हितं कागद हाय. त्यो खरा का खोटा बघायला चार माणसं महिनाभर बसल्यात. आन् तिकडं कुणीतर मेलंय, साहेब. त्या मेलेल्याचं कुणी असंल. बायकू असंल."

पुकारा झाला म्हणून आम्ही आत गेलो. पण दारापाशी येसुगडे मार्तिनोजवळ थांबले आणि त्याला दोन वाक्यं बोलले. ती मला त्यांनी पुढं कधीतरी सांगितली. ते त्याला म्हणाले होते, "जे मला सांगितलंस ते आत सांगायचं असंल तर सांग. सांगायचं नसंल तर पुन्यांदा मला सांगू नकोस."

साहेबांनी कॉलेजच्या बाईंचं पत्र वाचून दाखवलं. सरकारी वकिलांनी फार ताणलं नाही. बनसोड्यांचा चेहरा उजळला होता. शेवटी साहेबांनी आरोपीला विचारलं, तुला काही सांगायचं आहे का. बनसोडे मागं वळून त्याला हातानं खुणावत होते की काही बोलू नकोस.

मार्तिनो उभा राहिला. तो दोन मिनिटं तरी बोलला असेल, मध्ये न थांबता. येसुगड्यांनी त्याला थांबवलं नाही. त्याचं संपल्यावर त्यांनी टॉवेलनं तोंड पुसलं.

"तो म्हणतोय, आग मी लावली न्हाई. आमी भाईर आलो, मग कार्लो माघारी आत गेला. मला वाटलं काय इसरलं असंल. तो भाईर आला तवा धूर निघाला हुता." येसुगडे थांबले. बनसोडे उठू लागले होते, पण उठले नाहीत. "तो म्हणतोय, आमी पळताना मला वरनं खोकल्याचा आवाज आला. कुणीतर माणूस हाय हे मला कळलं. जिना जळत न्हवता अजून. मी वर जाऊ शकत हुतो. मी पळालो. ऊगोला आन् कार्लोला ऐकू आलं का न्हाई ते मला म्हाईत न्हाई. मला आलं हुतं."

 साहेबांनी लिहायचं थांबवून विचारलं, "हे सगळं तो म्हणाला? जसंच्या तसं?"

"व्हय साहेब. शेवटचं वाक्य त्यानं दोनदा म्हटलं. मी एकदाच सांगितलं."

"दुसऱ्यांदाही सांगा."

"मला आलं हुतं," येसुगडे म्हणाले.

साहेबांनी तेही लिहून घेतलं.

निकाल चार दिवसांनी झाला. मी तो नंतर इतक्या वेळा वाचला की त्यातला मुद्दा अजून सांगू शकतो. स्वित्झर्लंडनं दोन गुन्ह्यांसाठी माणूस मागितला होता. घरफोडीला पुरावा आहे, शिवाय आरोपीनं ती कबूल केली आहे. आग लावण्याला पुरावा नाही. ज्या एका वाक्यावर तो आरोप उभा होता, त्याचा अर्थ कंदील धरणं एवढाच निघतो. आरोपीनं राखणदाराला वाचवलं नाही असं तो स्वतः म्हणतो. साहेबांनी लिहिलं होतं की याचा जाब माणूस स्वतःला विचारू शकतो, पण मागणीपत्रात लिहिलेल्या गुन्ह्यांपैकी हा एकही नाही. तेव्हा घरफोडीपुरता आरोपी द्यावा, आगीसाठी देऊ नये, अशी शिफारस दिल्लीला गेली. ज्या गुन्ह्यासाठी माणूस दिला, त्याच गुन्ह्याचा खटला तिकडं चालवायचा, दुसरा नाही, अशी कायद्याची अट होतीच.

साहेबांनी मार्तिनोला समजावून सांगितलं की पंधरा दिवस त्याला कुणी हलवणार नाही, तेवढ्यात तो हायकोर्टात जाऊ शकतो. बनसोड्यांनी अर्ज लिहून तयार ठेवला होता. मार्तिनोनं त्यावर सही केली नाही. येसुगड्यांमार्फत त्यानं सांगितलं, "पाच वर्षं मी वाईत चांगला झोपलो नाही. आता झोपतोय."

बनसोडे मला म्हणाले, "त्या दिवशी दुभाषी जरा अडखळला असता, वाक्य थोडं गुळमुळीत केलं असतं, तर काय बिघडलं असतं?" ते चिडले नव्हते. त्यांना खरंच विचारायचं होतं. 

सुलाबाईंनी मात्र येसुगड्यांनाच गाठलं, कोर्टाच्या आवारातल्या चिंचेखाली. मी तिथं होतो.

"आवं, तुमी त्याचं बोलणं जरा मऊ करून सांगायचं हुतं," त्या म्हणाल्या. "पोरगं येडं हाय. त्याला कळत न्हाई कुठं काय बोलायचं."

"पदरचं घालायचं न्हाई अशी शपत हुती, बाई."

"शपत मला नगा सांगू. मी त्याला पाच वरसं जेवाय घातलंय. ते कुणाला जाळणारं न्हाई."

"जाळलं न्हाईच त्यानं. तेच तर निघालं."

"मग जातंय कशाला?"

येसुगडे खाली बसले. सुलाबाईही पदर सावरून समोर बसल्या. "बाई, मी जर त्या दिवशी ते सबूद खाल्लं असतं," ते म्हणाले, "तर आदल्या तारखेचं माझं कोण खरं मानणार? उजेड दावत हुता म्हणून मी सांगितलं, ते साहेबानं मानलं कारण मी दुसऱ्या बाजूनं बी खरं सांगत हुतो. आन् त्याला सांगायचं हुतं. पाच वरसं कुणाला सांगू असं झालं हुतं त्याला. तुमची बोली त्याला पुरत न्हवती त्यासाठी."

 सुलाबाईंनी विचारलं, "रातचं उठून बसायचा. इचारलं तर म्हणायचा, इंजिन, इंजिन. ते हे हुतं व्हय?"

"असंल."

दिल्लीचा हुकूम फेब्रुवारीत आला, साहेबांनी म्हटलं होतं तसाच, घरफोडीपुरता. तिकडून दोन अधिकारी आले. तुरुंगात हुकूम मार्तिनोला वाचून दाखवायचा होता, म्हणून येसुगडे पुन्हा आले. तुरुंगाच्या ऑफिसात ते हुकूम वाक्यावाक्यानं सांगत होते आणि ते दोघे परदेशी अधिकारी या धोतर नेसलेल्या माणसाचं डोंगरी इटालियन ऐकून एकमेकांकडं बघत होते. सुलाबाईंनी एक गाठोडं दिलं होतं. त्यात गव्हाचं पीठ होतं, त्यांच्या गिरणीचं. अधिकाऱ्यांनी ते उघडून पाहिलं, हुंगलं आणि नेऊ दिलं.

निघताना मार्तिनोनं येसुगड्यांचा हात दोन्ही हातांत धरला. काय बोलला ते मी विचारलं नाही. कोर्टाचं काम संपलं होतं, सांगायची सक्ती नव्हती.

यानंतर येसुगडे पुन्हा पाटकरी झाले. गावात काही दिवस लोकांनी त्यांना "जज्जसाहेब" म्हणून चिडवलं. एक फरक मात्र पडला, तो राहीबाईंनी मला सांगितला. ते घरात बोलायला लागले. जेवताना तळघरातलं, छावणीतलं, वाळवंटातलं काहीबाही सांगू लागले. त्यांचा थोरला मुलगा तेव्हा सव्वीस वर्षांचा होता; वडील कुठल्या देशात लपले होते ते त्याला तेव्हा कळलं.

त्यांची माझी मैत्री टिकली. मी सांगली भागात कामाला गेलो की पलूसला उतरत असे. एकदा ते म्हणाले, "फरक हुडकत हुतो बघा. अजून पुरता घावला न्हाई. पण एक कळलं. धरून देणं आन् सोपवणं ह्यात मधी कुणीतर बसून कागद वाचाय लागतो. त्यो वाचणारा नसला तर दोन्ही एकच."

१९७७ च्या मे महिन्यात सुलाबाईंचा निरोप आला की मारुतीचं पत्र आलंय आणि ते कुणाला वाचता येत नाही. मी येसुगड्यांना कळवलं. पण ते बोलू शकत, वाचू शकत नव्हते. शेवटी मी रोमन अक्षरं जशी दिसली तशी वाचत गेलो, चुकीचे उच्चार करत. ते ऐकत, "पुन्यांदा म्हणा," म्हणत, शब्द जुळवत आणि मराठीत सांगत. गिरणी बंद ठेवली होती, आवाज नको म्हणून. पिठानं पांढऱ्या झालेल्या पोत्यांवर आम्ही तिघं बसलो होतो. दोन पानी पत्राला अख्खी दुपार लागली.

त्याला वीस महिन्यांची शिक्षा झाली होती, ती भोगून तो सुटला होता. आगीचं कुणी काढलं नव्हतं. कार्लोला त्यासाठी आधीच शिक्षा झाली होती. मार्तिनो आता दुसऱ्या गावी लाकूड कापायच्या कारखान्यात यंत्रं दुरुस्त करत होता. राखणदाराची बायको जिवंत होती, सत्तरीची. तो सुटल्यावर तिच्या दारात गेला.

"काय म्हणाली?" सुलाबाईंनी विचारलं.

मी पुढची ओळ वाचली. येसुगड्यांनी ती दोनदा म्हणायला लावली.

"दार उघडलं न्हाई. खिडकीतनं बघितलं आन् पडदा वढला."

"मग?"

"मग तो पुढल्या महिन्यात पुन्यांदा गेला. तवा बी न्हाई. तिसऱ्या टायमाला तिची लाकडं भाईर पावसात पडली हुती, ती यानं आत पडवीत रचून ठेवली आन् आला. आता दर महिन्याला जातो. लाकडं फोडून ठेवतो. ती बोलत न्हाई. पण कुऱ्हाड आता भाईर काढून ठेवलेली असती."

सुलाबाईंनी पदरानं नाक पुसलं आणि विचारलं, त्याला लिहायचं काय.

उत्तर लिहायला मी कागद घेतला. येसुगडे बोलणार, मी ऐकू येईल तसं रोमन अक्षरांत उतरवणार, असं ठरलं. पहिल्या वाक्याला सुलाबाई म्हणाल्या, इंजिनाचा पट्टा पुन्हा तुटतोय, काय करू ते विचारा. येसुगड्यांना पट्ट्याचा शब्द आठवेना. ते डोळे मिटून बसले. मी आणि सुलाबाई थांबलो.